सोमाजी दिघोरे आणि मालगुजाराचं फाटक

आमच्या आरमोरीत शूर माणसांची टंचाई कधीच नव्हती. सकाळी पानठेल्यावर गेलं की आठ-दहा तरी सापडायचे. त्यांतला सगळ्यांत शूर सोमाजी दिघोरे. धंदा कोसफळांचा, म्हणजे टसर रेशमाच्या कोशांचा. जंगलातल्या बाजारांना जाताना सायकलवर मीठ-तंबाखू न्यायचा, येताना कोसफळांची पोती बांधून आणायचा आणि इथल्या रेशीम विणणाऱ्या कोष्ट्यांना विकायचा. पंचेचाळिशी उलटलेली, पोट पाठीला लागलेलं, पण मांड्या अशा की रेतीतून, चिखलातून, नाल्याच्या दगडांतून पोत्यांसकट सायकल हाणायचा. एकदा वाटेत वाघ आडवा आला तेव्हा घंटी वाजवून त्याला बाजूला केलं, असं तो सांगायचा. वाघाचं यावर काय म्हणणं होतं ते आम्हाला कधी कळलं नाही.

वाघाला बाजूला करणारा हा माणूस रोज येता-जाता सायकलवरून खाली उतरायचा. जागा ठरलेली, गुणवंतराव मालगुजारांचं फाटक. चिंचेच्या झाडापाशी उतरायचं, सायकल हातात धरून फाटकासमोरून चालत जायचं आणि विहिरीपाशी पुन्हा टांग मारायची. मालगुजाराच्या दारासमोरून रयतेनं बसून जायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. मग खाली घोडा असो, बैलबंडी असो की सायकल असो. एक्कावन्न साली सरकारनं मालगुजारी काढून घेतली. गुणवंतरावांची गावं गेली, दिवाणजी गेला, फाटकावरचा चपराशी गेला. उतरायची रीत तेवढी सरकारजमा करायची राहून गेली. सक्ती कोणाचीच नव्हती. लोक आपणहून उतरायचे आणि विहिरीपाशी जाऊन गुणवंतरावांना शिव्या द्यायचे.

सोमाजीचा राग मात्र खरा होता, तेवढं श्रेय त्याला दिलं पाहिजे. तरणा असताना त्यानं जुनी सायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी हौसेनं फाटकासमोरून बसून निघाला. मागून त्याचा बाप धावत आला, दंडाला धरून त्याला खाली ओढलं, भर रस्त्यात दोन थोबाडीत दिल्या आणि फाटकाकडे तोंड करून हात जोडले. ओसरीवर बसलेले तरुण गुणवंतराव पोट धरून हसले. तेव्हापासून सोमाजीचं एकच पालुपद होतं, "एक दिवस या फाटकासमोरून सीटवर बसून जाईन, तवाच खरा." हे तो पानठेल्यावर सांगायचा, कोष्ट्यांना सांगायचा, बायकोला तर रोज सांगायचा. पण कधी पोतं जड असायचं, कधी चेन उतरायला आलेली असायची, कधी ओसरीवर पाहुणे दिसायचे. बायको रुखमाबाई म्हणायची, "तुमचा मुहूर्त काई पंचांगात दिसून नाई राह्यला जी."

तो मुहूर्त अठ्ठावन्न सालच्या प्रजासत्ताक दिनी निघाला. आमच्या व्यायामशाळेनं सायकल शर्यत ठेवली, तीही चाळिशी ओलांडलेल्यांची. आदल्या वर्षी पोरांची ठेवली होती, तेव्हा पोरं सायकली खांद्यावर घेऊन धावली आणि शेवटी एकमेकांची डोकी फोडून मोकळी झाली. म्हणून यंदा पोक्त माणसं. नियम सोपे होते. एका चमूत चार गडी. गडचिरोलीच्या रस्त्यानं दहाव्या मैलाच्या दगडाला वळसा घालून परत यायचं. चमूतला तिसरा गडी शेवटची रेघ ओलांडेल तो चमूचा वेळ, चौथा आला न आला सारखंच. आणि रेघ ओलांडताना गडी सीटवर बसलेला पाहिजे. सायकल ढकलत आणली तर धरणार नाही, असं चांद्याहून आलेल्या पंचांनी तीनदा बजावलं.

मांडव, चहा आणि हार गुणवंतरावांनी दिले, त्यामुळे शेवटची चुन्याची रेघ त्यांच्या फाटकाच्या पलीकडल्या खांबापाशी आखली गेली. म्हणजे जिंकायचं तर अख्ख्या फाटकासमोरून बसून जाणं आलं. शिवाय आरमोरीच्या चमूचे कप्तानही तेच झाले. त्यांनी नवीकोरी सायकल आणली, दिवा लावलेली, आणि कोट-टोपी चढवून ते तिच्यावर बसले तेव्हा सीट दिसेनाशी झाली. बाकीचे गडी तीन. बंडीची चाकं करणारा मुखरू सुतार, डाक वाहणारा वारलू आणि आमचा सोमाजी. सोमाजीला आठवडाभर झोप नव्हती. शर्यतीत कोणी उतरत नसतं, त्यामुळे कोणी काही म्हणायचा प्रश्न नव्हता. वर ढोल-ताशे वाजणार होते. "पाहाजो," तो रुखमाबाईला म्हणाला, "फाटकासमोरून असा जातो का नाई!"

चांद्याचा चमू चौथ्या मैलावरच काट्यांनी निकामी झाला. खरी गाठ पडली आलापल्लीच्या चमूशी. जंगलखात्याच्या सागवान डेपोतले हे चौघे लाकडाच्या लॉरीत सायकली टाकून आले होते. त्यांचा म्होरक्या इतवारी. एकानं पुढं राहून वारा खायचा, बाकीच्यांनी त्याच्या आडोशाला चालवायचं, तो दमला की त्यानं मागं यायचं आणि दुसऱ्यानं पुढं जायचं, अशी त्यांची पद्धत. आमच्या चमूची पद्धत गुणवंतरावांनी निघतानाच सांगितली. "माझ्यापुढं कोनी जायचं नाई. समजलं का रे सोम्या?"

पुढचं सगळं मला वारलूनं सांगितलं. जाताना वारा पाठीशी होता, तोवर गुणवंतराव वाटेतल्या, एकेकाळी आपल्या असलेल्या गावांकडे बघून मान हलवत होते. दगडाला वळसा घातला आणि उत्तरेचा वारा तोंडावर आला. आलापल्लीवाले आळीपाळीनं वारा खात होते. आमच्याकडे तो मान एकट्या कप्तानाचा. गुणवंतरावांचा देह रुंद, त्यामुळे मागच्या तिघांना वारा लागेना आणि पायांना जोरही लावावा लागेना. मालगुजार घाम गाळतो आणि रयत आडोशाला बसून फुकट येते, असं त्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं. मुखरूनं तर एक हात सोडून तंबाखू-सुपारीचा खर्रा मळला, असं वारलू म्हणतो.

गाव चार मैलांवर आलं आणि गुणवंतरावांच्या पोटऱ्यांत गोळे आले. ते सायकलसकट रस्त्याकडेच्या तरोट्याच्या झुडपांत आडवे झाले आणि तिथूनच ओरडले, "थांबा रे! मी उठतो, मंग निघू." मुखरू आणि वारलू मुकाट्यानं थांबले. सोमाजीनं ब्रेकला हातसुद्धा लावला नाही.

"मालक, तिसऱ्या गड्याचा टाइम धरतेत," तो जाता जाता म्हणाला. "तुमी आरामानं या."

मागून बापाच्या नावानं शिव्या आल्या. सोमाजीनं वळून पाहिलं नाही. मग बाकीचे दोघेही निघाले, एकमेकांकडे न बघता. हाडामांसाच्या मालगुजाराला ओलांडून जायला त्यांना निमिषही लागलं नाही. तिघांचे पाय ताजे होते. गावच्या शिवेवर त्यांनी आलापल्लीला गाठलं आणि मागे टाकलं.

मी रेघेपाशी झेंडी घेऊन उभा होतो. वळणावर सोमाजी दिसला आणि गावानं एकच आरोळी ठोकली. पुढं सोमाजी, मागं मुखरू आणि वारलू, आणि बरंच मागं आलापल्लीवाल्यांची धूळ. ताशे कडाडले. बायकांच्या घोळक्यात रुखमाबाई टाचा उंचावून उभी होती. सोमाजीचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा कधीच पाहिला नव्हता. मला आनंद झाला.

तिघे चिंचेच्या झाडापाशी आले आणि तिघांच्या उजव्या टांगा सीटवरून मागे फिरल्या. तिघे खाली उतरले, सायकली हातात धरल्या आणि माना किंचित खाली घालून फाटकासमोरून चालू लागले.

ताशेवाले थांबले. गर्दीतल्या म्हाताऱ्यांना यात काही वावगं दिसलं नाही, एक-दोघांनी तर मान डोलावली. पंच मात्र खुर्चीवर उभे राहून ओरडले, "अहो, उतरलात कशाला? बसा! बसून या!" त्या आवाजानं मुखरू भानावर आला. त्यानं टांग मारली आणि रेघ ओलांडली. पाठोपाठ वारलूनं ओलांडली. दोन झाले. आता सगळं तिसऱ्यावर होतं, आणि तिसरा सोमाजी फाटकाच्या ऐन मध्यावर सायकल धरून उभा होता.

"बसा जी!" रुखमाबाई ओरडली. "काऊन थांबले? बसा नं!"

रेघ चार ढांगांवर होती. सोमाजीनं पायडलवर डावा पाय ठेवला. वेगाच्या भरात निघून गेला असता तर गेला असता. आता थांबून, सगळ्या गावादेखत, फाटकासमोर ठरवून बसायचं होतं. त्यानं एकदा ओसरीकडे पाहिलं. मीही पाहिलं. ओसरी रिकामी होती. आरामखुर्चीवर एक टॉवेल वाळत घातला होता, बाकी चिटपाखरूही नाही. घरधनी चार मैलांवर तरोट्यात पडले होते. सोमाजीचा उजवा पाय जमिनीवरून दोनदा उचलला गेला आणि दोनदा खाली आला.

तेवढ्यात आलापल्लीवाले आले. रस्त्याच्या मधोमध माणूस उभा बघून इतवारीनं घंटी वाजवली. सोमाजी बाजूला झाला. त्यांचे तिघे सीटवर बसून फाटकासमोरून निघून गेले. फाटक कोणाचं, हे त्यांना माहीतही नव्हतं.

बक्षिसाची ढाल आलापल्लीला गेली. गुणवंतराव बऱ्याच वेळानं बंडीतून आले, मागं सायकल आडवी टाकलेली. आता सोमाजीचं काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं. पण काय झालं ते कोणीतरी आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं. ते लंगडत सोमाजीपाशी आले आणि स्वतःसाठी मागवलेला झेंडूचा हार त्यांनी त्याच्या गळ्यात घातला.

"सोम्या, रस्त्यात चुकला," ते म्हणाले, "पन दारात रीत पाळली. तुहा बाप असता तर खुश झाला असता."

गावानं टाळ्या वाजवल्या. सोमाजीनं हात जोडले. मला त्या क्षणी सोमाजीचा, गुणवंतरावांचा आणि त्या टाळ्यांचा इतका संताप आला की मी झेंडी तिथंच टाकून घरी आलो.

संध्याकाळी रुखमाबाईनं ताट वाढलं आणि समोर बसली. "ओसरीवर कोन होतं जी?"

"कोनी नाई."

"मंग कोनाले पाहून उतरले?"

सोमाजी भात कालवत राहिला. "मी नाई उतरलो," तो म्हणाला. "पाय उतरले." हे तिनंच दुसऱ्या दिवशी विहिरीवर सांगितलं, म्हणून अख्ख्या आरमोरीला ठाऊक. महिनाभर लोक त्याला हसले. हसणाऱ्यांतला प्रत्येक जण हसून झालं की चिंचेपाशी उतरून घरी जात होता.

सोमाजीनं त्या दिवसापासून रस्ता बदलला. तो तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, जाऊ लागला. वाट लांबची, पावसाळ्यात चिखलाची, पोती दोनदा पाण्यात पडली. पण तिथं उतरावं लागत नव्हतं, आणि बसून जाऊन दाखवावंही लागत नव्हतं. पुढं काही वर्षांनी गुणवंतराव वारले. मुलांनी जागा विकली, फाटक निघालं, तिथं धानाचं गोदाम झालं. गोदामासमोरून पोरं हात सोडून सायकली चालवू लागली.

रुखमाबाई एकदा म्हणाली, "फाटक गेलं जी. आता तरी सरळ रस्त्यानं जा."

"मले माहीत हाय," सोमाजी म्हणाला, आणि त्यानं सायकल तळ्याकडे वळवली.