पन्नास पास, नऊ तिकिटं

भाच्याने पुण्यातला राहता फ्लॅट गहाण टाकून मराठी सिनेमा काढला, आणि बेंगळुरात त्याला एकच खेळ मिळाला: बेळ्ळंदूरच्या मॉलमध्ये, शुक्रवारपासून, सकाळी दहाचा. म्हटलं, त्यात काय एवढं? आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठी मंडळात माझा शब्द चालतो. "पन्नास पास पाठव," मी त्याला फर्मावलं. "हॉल भरून दाखवते."

दाखवलाही. शुक्रवारी दारात उभी राहून लग्नघरासारखं एकेकाचं स्वागत केलं. संध्याकाळी भाच्याचा फोन आला तेव्हा मी कौतुकाचीच वाट बघत होते.

"आत्या, नऊ तिकिटं गेली."

"नऊ? अरे, एकोणसाठ डोकी होती! मी स्वतः मोजली."

"पासवाल्यांना कलेक्शनमध्ये धरत नाहीत गं."

मग त्याने समजावलं. तिकिटाच्या पैशातून आधी कर जातो, उरलेल्यातला जवळपास निम्मा वाटा थिएटरवाला ठेवतो, मग वितरक आपला खर्च कापून घेतो, आणि शेवटी निर्मात्याच्या हातावर काय पडेल ते. "ते राहू दे," तो म्हणाला. "रविवारपर्यंत तिकिटं खपली नाहीत तर सोमवारी खेळच काढून टाकतील. मग पुण्याबाहेर सिनेमा चालतो, हे मी कुणाला कशाच्या जोरावर सांगू?"

आवाज पार बसला होता पोराचा. आणि मी, बँकेत उभा जन्म काढलेली बाई, फुकटे गोळा करून मिरवत होते! असा संताप आला स्वतःचा की जेवणही गेलं नाही.

शनिवारी सगळ्या पासवाल्यांना फोन लावले. "सिनेमा आवडला ना? मग आता तिकीट काढा, आणि शेजाऱ्यांना घेऊन जा." कुणी हो म्हणालं, कुणाला नेमकं काम निघालं. बघून घेईन एकेकाला.

रविवारी मंडळाची देवनहळ्ळीला सहल होती. दोन बसगाड्या, इडलीचे डबे, सगळी व्यवस्था माझीच. बस सुटायच्या आधीच मी ड्रायव्हरला सांगितलं, "अण्णा, बेळ्ळंदूर."

"अक्का, देवनहळ्ळी तिकडे!" तो कन्नडमध्ये ओरडला.

"सरी, बरं, ठाऊक आहे मला. तू चल."

मग मी मागे वळले. "मंडळी, देवनहळ्ळीचा किल्ला पुढच्या रविवारपर्यंत कुठे जात नाही. माझ्या भाच्याचा सिनेमा मात्र उद्या जाईल. मोबाइल काढा आणि आपापलं तिकीट घ्या."

"पास नाहीत का, अक्का?" खजिनदारांनी विचारलं.

"पासाचं नाव काढलंत तर इथेच उतरवीन!"

सगळे हसले, पण तिकिटं काढली. दुसऱ्या बसलाही तोच हुकूम गेला. इडल्या मॉलच्या पार्किंगमध्ये उभ्याने खाल्ल्या आणि हॉल शेवटच्या रांगेपर्यंत भरला.

सोमवारी खेळ टिकला. मी एकटीच गेले, खिडकीवर स्वतःचं तिकीट काढलं. शुक्रवारी मीसुद्धा पासावरच बसले होते, हे तेव्हा कुठे लक्षात आलं. मध्यंतरात बाहेर येऊन भाच्याला फोन लावला.

"सात जण आहोत रे."

"तुझ्या मंडळातले?"

"छे! मी सोडले तर सहा. एकालाही मी ओळखत नाही. दोघं तर कन्नडमध्ये बोलताहेत."

तो म्हणाला, "आत्या, परत एकदा मोज ना."