ओरडायची जागा

पन्नाशीत मी कोपरखैरण्याच्या एका हॉलमध्ये केंडो शिकायला जातो. म्हणजे तोंडावर जाळीचा मुखवटा बांधायचा आणि बांबूच्या तलवारीनं एकमेकांना हाणायचं. बायको म्हणते, "भाजी चिरता येत नाही, निघाले तलवार चालवायला!" तिथला एक नियम विचित्र आहे. फटका मारताना पोटातून ओरडलं नाही, तर शिकवणारे सर हात वर करत नाहीत, म्हणजे तो फटका धरतच नाहीत.

माझं ओरडणं म्हणजे बिघडलेल्या कुकरची शिटी. माझ्यासमोर उभा राहणारा साठीचा गृहस्थ मात्र असा गरजायचा की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका रविवारी तो थांबेचना. मी धापा टाकत म्हटलं, "दादा, बस की! जीव घेता काय माझा?"

त्यानं मुखवटा काढून घाम पुसला. "मंगळवारी घशाचं ऑपरेशन हाय. आवाज जाणार म्हणतात. घरात ओरडलो तर बायको रडंल. हितं शाबास म्हणतात."

मी पुन्हा समोर उभा राहिलो.

सहा महिन्यांनी तो परत आला, गळ्याभोवती रुमाल गुंडाळून. त्यानं माझ्या डोक्यावर इतका नेमका फटका मारला की सगळे वळून बघायला लागले. हॉलमध्ये फक्त बांबू वाजला. त्यानं सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली, पण हात काही वर केला नाही.

त्यानं मला रीतसर वाकून नमस्कार केला. तो फटका धरला गेला नाही. माझं डोकं मात्र संध्याकाळपर्यंत ठणकत होतं.