खरा जेलीफिश नाही

परवा नातीच्या कॉलेजातलं प्रदर्शन बघायला गेले. प्राणिशास्त्राच्या दालनात शिरताच फॉर्मालिनचा डोळ्यांना झोंबणारा वास आला आणि माझं डोकं तापलं.

असाच वास आमच्या एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेला होता. बाहेरगावच्या परीक्षकांनी एक बरणी पुढं सरकवली. आत निळसर फुगा आणि खाली लांबच लांब धागे.

"हा जेलीफिश कुठल्या वर्गातला?"

माझ्या आधी नंबर असलेली शहागंजची माझी मैत्रीण नसरीन शांतपणे म्हणाली, "सर, हा खरा जेलीफिश नाही. दिसतो एक, पण ही अनेक जीवांची वसाहत आहे. जेलीफिशपेक्षा याचं नातं हायड्राशी जवळचं."

परीक्षक हसले. "औरंगाबादला समुद्र आहे का? कधी पाहिलाय?"

"नाही, सर."

"मग आम्हाला शिकवू नका."

शेजारी बसलेले आमचे सर खाली बघून चष्मा पुसत राहिले.

जिन्यात मी परीक्षकांना शिव्या घालत होते. नसरीन म्हणाली, "त्यांचं जाऊ दे गं. आपल्या सरांना तर माहीत होतं. त्यांनीच शिकवलं होतं की."

ती नापास झाली. घरच्यांनी पुन्हा परीक्षेला बसू दिलं नाही.

तेव्हा माझा सगळा राग परीक्षकांवर होता. आता वाटतं, त्यांना निदान ठाऊक नव्हतं. सरांना ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर सर एकदा भेटले. मोठ्या मायेनं म्हणाले, "तुझी ती हुशार मैत्रीण काय करते?"

"तुम्ही गप्प बसलात, तेव्हा तिचं शिक्षण सुटलं," मी म्हणाले आणि नमस्कार न करताच निघून आले.