थांबलेल्या बसचा वेग

"बस काय तुझ्या बापाची आहे, पाचच्या वेगानं निघायला?"

सर असं म्हणाले आणि पुढचे बाक हसले. पुढच्या बाकांवर सरांच्या घरी ट्यूशनला जाणारी पोरं. मी फळ्यापाशी, हातात खडू. दहावीचा वर्ग. मी केदारखेड्याचा, जालन्यात मस्तगडला मावशीकडं राहून शिकून राह्यलो होतो.

गणित असं होतं. बस विरामावस्थेतून निघते, त्वरण दोन, दहा सेकंदांत अंतर किती? सूत्रात सुरुवातीचा वेग लागतो. मी गणित परत परत वाचलं. त्वरण दिलेलं. वेळ दिलेली. सुरुवातीचा वेग कुठंच न्हाई. विराम म्हणजे थांबणं, हे कळत होतं. पण थांबण्याचाही आकडा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. मंग मी आपला पाच धरला. आमच्या फाट्यावर एसटी कधी पुरती थांबायचीच न्हाई. दांडा धरून पळत चढावं लागायचं. मला वाटलं, निघणारी बस अशीच असती.

हे मी खरंखरं सांगितलं. सर पोट धरून हसले. मग म्हणाले, "काय दिलंय ते ओळखायचं कसं, हे मी ट्यूशनला शिकवतो. वर्गात वाटायला मी काय अन्नछत्र उघडलंय? पोरांकडं तोंड कर. हात जोड. म्हण, माझ्या डोक्यात भुसा आहे, सरांनी मेहरबानी करून ट्यूशनला घ्यावं. फी माफ. रोज अंगण झाडायचं."

माझे हात जोडले गेले. ते अजून सलतं. आईनं निघताना बजावलं होतं, जो शिकवतो त्याचे उपकार मानावेत. मी तोंड उघडलं. तेवढ्यात समोरच्या बाकावरची वकिलाची पोरगी मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "अरे, विरामावस्था म्हटलं की सुरुवातीचा वेग शून्य धरायचा. ब्रेक मारून थांबली म्हटलं की शेवटचा शून्य. एवढंच सांगितलंय आम्हाला."

एवढंच.

सर तिच्यावर खेकसले. मी त्यांच्याकडं बघत राह्यलो. सफारी घालणारा, रस्त्यानं नमस्कार घेत जाणारा माणूस, आणि सगळं दुकान एका शून्यावर. पगार वर्गात शिकवायचा घ्यायचा अन् अर्धं गणित घरी लपवून ठेवायचं. भुरट्या चोराला निदान पळताना लाज तरी वाटती.

मी हात सोडले. "म्हणणार न्हाई," म्हणालो. खडू टेबलावर ठेवला.

"गेलास तर परत यायचं नाही."

गेलो. शाळा तिथंच सुटली.

त्या पोरीचे उपकार मी आजही मानतो. सरांचे एका पैशाचे न्हाई.

आता मी घरापासून लांब, भोसरीत कारखान्यात लेथवर आहे. माझी पोरगी दहावीला. काल म्हणाली, "बाबा, सर म्हणतात उरलेलं ट्यूशनला सांगतो." बायको म्हणती, "गप फी भरा, पोरीला त्रास देतील." भीती मलाही आहे. तरी रजा टाकलीय. उद्या मी तिच्या वर्गात जाऊन बसणार अन् सराला सांगणार, उरलेलं काय ते इथंच सांगा, सगळ्या पोरांपुढं. बाहेर काढलं तर दारात उभा राहीन. परवाही. तेरवाही.