अस्वलाची फाइल पुसू नका

मंडळी, अस्वलाचं चित्र असलेली फाइल व्हायरस आहे, ती पुसा, असं मी परवा आपल्या ई-मेल ग्रुपवर लिहिलं. ते चुकीचं होतं.

बाबा अंबडला कारखान्यात सुटे भाग तपासतात. आज दुपारी म्हणाले, "संशय आला की नग आधी चांगल्या नगाशी ताडायचा, मग भंगारात. लहानपणापासून हेच शिकवलं ना तुला?"

मी संगणकासोबत आलेल्या मूळ सीडीतली फाइल काढली. माझ्या संगणकातल्यासारखंच तेच राखाडी अस्वल, तीच साइज, तीच तारीख; म्हणजे ती संगणकाची स्वतःचीच फाइल. नुकतंच झोपेतून उठल्यासारखं ते माझ्याकडे बघत राहिलं, आणि मी त्याच्याकडे.

एकलहऱ्याच्या काकूंना फोन केला. "अगं, तू सांगितलंस म्हणून लगेच पुसली. त्याचं तोंडही नाही बघितलं!"

आणखी कोणी पुसली? सांगा. फ्लॉपीवर फाइल घेऊन काकूंकडे जाते आहे, तुमच्याकडेही येईन, याच रविवारी.