यारीच्या पायाशी चपला

बापूनं काठीच्या टोकानं चपला उडवल्या. आधी माझ्या नवऱ्याच्या, मग टोळीतल्या भिवातात्याच्या. टायरच्या होत्या, जड. गाळाच्या ढिगावर जाऊन उलट्या पडल्या.

"देवाम्होरं पायताण ठिवता व्हय गं? अक्कल हाय का न्हाई?"

माझ्या हातात ब्रेकचा दांडा होता. तारेच्या दोराला मुरमानं भरलेली बकेट विहिरीच्या निम्म्यात लटकत होती. तिच्याखाली, तळाला, माझा नवरा आणि तात्या. अशा वेळी यारीवरच्या माणसानं मान फिरवायची नसते. बोलायचंही नसतं. डोळा दोरावर, हात दांड्यावर. बापू पाठीमागं उभा राहून बोलत होता, आणि त्याला पक्कं ठाऊक होतं की ही बाई आता काहीच बोलू शकत नाही. अपमान करणाऱ्याला याहून चांगली सोय कुठं मिळणार?

बकेट वर आली. सासूनं ती ओढून घेतली, ढिगावर पालथी केली. मी खटका लावला, इंजिन बंद केलं आणि ढिगावर चढून चपला शोधून आणल्या. झटकल्या. पुन्हा होत्या तिथंच, यारीच्या पायाशी ठेवल्या.

बापू बघत होता. "लई शिकलेली दिसती," एवढंच म्हणाला आणि गेला.

औश्याच्या बाजूचं गाव. बापूचं घर गावातलं मोठं, जमीन मोठी, आवाज त्याहून मोठा. आमची टोळी चाकूरकडची. विहिरी खोदतो. मुकादमाची यारी, म्हणजे लोखंडी पायांवर उभं केलेलं दोर गुंडाळायचं यंत्र. डिझेल इंजिन, ड्रम, विहिरीवर झुकलेला लांब हात. ती मी चालवते. बाई यारीवर बघून लोक पहिल्या दिवशी हसतात. दुसऱ्या दिवशी हसत नाहीत, कारण खाली माणसं असतात.

हे काम मला बापानं शिकवलं. किनवटच्या रानात त्यानं जन्मभर विहिरी खोदल्या. तो सांगायचा, यारी काठापासून लांब रोव. मालक म्हणतो जवळ घे, डिझेल वाचंल. ऐकू नको. मागच्या अंगाला दगडांचं वजन घाल, खुंट्या पक्क्या जमिनीत ठोक, मुरमात नको. दोर ड्रमवरून पुरता कधी सोडू नको, काही वेढे राहू दे. रोज सकाळी दोरावरून फडकं फिरव. तार तुटलेली असली तर फडकं अडकतं.

आणि चपला. हे सगळ्या टोळ्यांत असेल असं नाही. आमच्यात आहे. जो खाली उतरतो तो चपला यारीच्या पायाशी काढून जातो. वर आला की स्वतःच्या स्वतः घालतो. दुसऱ्याच्या चपलेला कोणी हात लावत नाही. यारीवर कोणीही बसो, आधी पायाशी बघायचं. चपला असल्या तर खाली माणूस आहे. मग पहारीनं लोखंड वाजवायचं, खालून उत्तर येऊ द्यायचं, आणि बकेट ब्रेकवर तोलून हळूहळू उतरवायची. चपला नसल्या तर विहीर रिकामी. मग ब्रेक मोकळा करायचा, बकेट आपल्या वजनानं जाते. वेळ वाचतो. विहिरीत वाकून बघून काही कळत नाही. वरून तळ काळा दिसतो, इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. चपला मात्र दिसतात. आमचे लोक वर्षानुवर्षं या चपलांच्या भरवशावर खाली उतरत आलेत.

हे बापूला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यानं ऐकलं होतं की नाही, कोण जाणे.

पाणी लागलं तसा बापू बदलला. विहीर त्याची झाली. तोवर ती आमची होती, म्हणजे धूळ आमची, सुरुंग आमचे, सोललेले हात आमचे. पाणी दिसल्यावर त्यानं यारीच्या पायाशेजारी शेंदूर लावलेला दगड मांडला आणि पाहुण्यांना बोलावणी धाडली. जलपूजन. तालुक्याचे पुढारी येणार, फोटो निघणार. देव नेमका तिथंच का, तर यारीच्या हाताखाली सावली होती आणि फोटोत विहीर चांगली दिसत होती.

पूजेच्या सकाळीही काम चालू होतं. तळ साफ हवा होता, पाणी नितळ दिसायला. त्याच सकाळी त्यानं चपला उडवल्या, जे वर सांगितलं ते. थोड्या वेळानं तो पुन्हा आला. या वेळी मंडप घालणारी माणसं सोबत होती, सतरंजी होती, कर्णा होता.

"मशीन बंद कर. पावणे आले. तू आन् म्हातारी तिकडं बांधाच्या पल्याड बसा."

"बापू, खाली दोघं हायत."

"राहू दे खालीच. कपारीत बसा म्हणावं. फोटुत दिसू नका."

"मी यंत्राजवळ थांबते. कुणी हात लावला तर..."

"कोन हात लावतंय? हाव, हाव, सांगतो मी. जा तू."

मी खटका लावला. दातेरी चक्रात तो नीट बसला का ते हातानं चाचपून बघितलं. लोखंड वाजवून खाली कळवलं, इंजिन बंद, थांबा. बापूला पुन्हा म्हणाले, "खाली माणसं हायत." तो "हाव" म्हणाला.

मग त्यानं सासूला चपला दाखवल्या. "आन् हे उचल."

सासूनं उचलल्या. पदरात गुंडाळल्या, जणू चोरीचा माल. मी तिचा हात धरला. "मामी, ठेवा त्या."

"जाऊ दे गं बाई. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. येवढी इहीर होऊ दे."

माझ्या सासूनं आयुष्यभर हेच केलं. एवढी विहीर होऊ दे. मग पुढची होऊ दे. आपलेच दात, आपलेच ओठ. मी तरी तिला काय बोलणार? आम्ही बांधाच्या पलीकडं जाऊन बसलो. चार चपला आमच्या पुढ्यात. त्यांची जागा तिकडं रिकामी.

कर्णा सुरू झाला. भक्तिगीतं. बांधावरून मला यारीचा वरचा हात तेवढा दिसत होता, आणि बकेटीला कोणीतरी झेंडूची माळ बांधली होती.

नामदेव आमच्याच टोळीतला. सकाळपासून औश्याला डिझेल आणायला गेला होता. तो नेमका तेव्हा परत आला, दुसऱ्या वाटेनं. आम्ही त्याला दिसलो नाही, तो आम्हाला दिसला नाही. पुढचं मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. बापूनं त्याला हाक मारली. बकेटीत नारळ आणि कळशी ठेवली होती. पहिलं पाणी वर काढून पुढाऱ्याच्या हातावर घालायचं होतं.

"सोड बकेट. लवकर. पावणे खोळंबलेत."

नामदेवनं यारीच्या पायाशी बघितलं. चपला नव्हत्या. शेंदूर लावलेला दगड होता, हळद-कुंकू होतं. विहीर रिकामी. त्यानं इंजिन चालू केलं, खटका उचलला आणि ब्रेक मोकळा सोडला.

ड्रम मोकळा फिरतो तो आवाज मला झोपेतही ओळखता येतो. मी उठले तेव्हा सासू विचारत होती, काय झालं. मी पळत होते. सतरंजीवरून गेले, रांगोळीवरून गेले, कोणाला तरी धक्का लागला. नामदेवच्या हातातून दांडा घेतला आणि ब्रेक दाबला. दोर थरथरला आणि थांबला. पण ढिला पडला. दोर ढिला पडतो तो बकेट कशावर तरी टेकल्यावर.

इंजिन आणि कर्णा बंद झाल्यावर खालून तात्याचा आवाज आला. माझ्या नवऱ्याचा आला नाही.

तात्यानं नंतर सांगितलं. इंजिन बंद झालं म्हणून हा कपारीतून बाहेर आला, पाण्यात तोंड धुवायला वाकला. वाकलेला होता म्हणून डोकं वाचलं. बकेट उजव्या खांद्यावर आली.

तात्यानं त्याला बकेटीत घातलं, स्वतः कडेला उभा राहिला. मी वर घेतलं. हळू. दोर जरासुद्धा हिसकू न देता. डोळ्यांत पाणी आलं होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. माळेची फुलं चिरडून बकेटीला चिकटली होती. तो वर आला तेव्हा शुद्धीत होता, पण माझ्याकडं बघून ओळख दाखवत नव्हता. आम्ही त्याला पाहुण्यांच्या सतरंजीवर निजवलं, कारण दुसरी जागाच नव्हती.

बापू पुढं आला. विहिरीत वाकून बघितलं. मग तात्याला विचारलं, "पाण्यात रगत सांडलं न्हाई न्?"

त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हेच. मी कमी करून सांगत नाही, वाढवूनही नाही.

लातूरच्या दवाखान्यात नामदेव भिंतीला टेकून बसला होता. जेवत नव्हता, जात नव्हता. कोणी काही विचारलं की एकच. "वैनी, चपला न्हवत्या ना." मी म्हणाले, न्हवत्या. तो पुन्हा म्हणाला, "चपला न्हवत्या." गावात मात्र झालं, की नामदेव प्यालेला होता. मुकादमही तेच म्हणू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी. नामदेव माळकरी माणूस, दारूला शिवत नाही. तो टोळी सोडून गेला. आज कुठं आहे, मला माहीत नाही.

यंत्राची चूक नव्हती. दोर नवा होता, ब्रेक धरत होता. नामदेवची चूक नव्हती. खाली माणसं आहेत हे बापूला ठाऊक होतं, मी दोनदा सांगितलं होतं. ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. आमची माणसं त्याच्या लक्षात राहण्यातली नव्हतीच.

नवऱ्याचा जीव वाचला. उजवा हात खांद्यातून उठत नाही. तो आता भाकरी डाव्या हातानं खातो आणि कोणी बघतंय का हे आधी बघतो.

पुढं मुकादम घरी आला. विहिरीचं दगडी बांधकाम राहिलंय, बापू घाई करतोय, पावसाआधी बांधलं नाही तर काठ आत ढासळतील. "तू ये. तुझ्यासारखा हात न्हाई." गोड बोलला. घरात चूल पेटायची होती. मी गेले, तात्याला घेऊन.

यारी होती तिथंच होती. तिच्या पायाशेजारी आता सिमेंटचा ओटा झाला होता, वर तो दगड. बापू उभा होता. काठी होतीच.

"चपला बांधाच्या पल्याड," तो म्हणाला. "आता तरी पाळा. पायताण ठिवलं म्हनून देव कोपला, म्हनून तुझ्या नवऱ्यावर बेतलं."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. माणूस हे मनापासून बोलत होता. त्याला खरंच तसं वाटत होतं. आमच्या चपला हलवून त्यानं माझा नवरा मोडला, आणि त्याचा दोषही त्याच चपलांना दिला. माझ्या अंगात इतके दिवस जे दुखत होतं ते त्या क्षणी थांबलं. त्याच्या जागी राग आला, पण डोकं शांत होतं.

"तात्या," मी म्हणाले, "चपला काढा. यारीच्या पायाशी ठेवा."

तात्यानं माझ्याकडं बघितलं, बापूकडं बघितलं, आणि ठेवल्या.

बापूनं काठी पुढं केली.

त्या सकाळी माझ्या हातात ब्रेक होता. आज दोराला काहीच लटकत नव्हतं. माझे दोन्ही हात मोकळे होते. मी काठी धरली. ओढली नाही, मारली नाही. नुसती धरून ठेवली. त्यानं एकदा हिसकली, पुन्हा हिसकली. यारीवर हात कमावलेला असतो. शेवटी त्यानंच सोडली.

"बापू, ह्या चपला खाली माणूस हाय म्हनून सांगतात. तुम्हाला ते दोनदा तोंडानं सांगितलं, तुमी इसरलात. चपला इसरत न्हाईत. त्या हितं राहतील, न्हाईतर तुमची इहीर राहील."

"तुला कुठं काम मिळतंय बघतो."

"बघा."

मी तात्याला चपला घालायला सांगितलं. दोर पुरता ड्रमवर घेतला, खटका लावला, खुंट्या उपटल्या. मुकादम हात जोडत होता, मला आणि बापूला, आळीपाळीनं. मी काठी ओट्यावर ठेवली आणि आम्ही चालत रस्त्यावर आलो.

त्या पावसात विहिरीचा एक काठ आत गेला, असं ऐकलं. मला आनंद झाला नाही. ती आम्हीच खोदली होती.

बापूनं शब्द पाळला. औसा तालुक्यात मला काम मिळालं नाही. मुकादमानं काढलं. सासू अजून बोलते, एवढी विहीर होऊ दिली असतीस. नवरा मात्र मी कामावर निघाले की माझ्या चपला डाव्या हातानं दारात नीट लावून ठेवतो.

आता किनवटकडं काम आहे, दुसऱ्याची टोळी, दुसऱ्याची यारी. इथल्या मालकाचा मुलगा शहरात शिकलेला. कालच म्हणाला, ताई, या चपला जरा बाजूला घ्या, बरं दिसत नाही, व्हिडिओ काढायचाय. बोलला गोड. काठी नव्हती त्याच्या हातात.

मी खालच्या सगळ्यांना वर घेतलं, खटका लावला, इंजिन बंद केलं. ते आपापल्या चपला घालून सावलीत बसले. मुलाला कारण सांगितलं, एकदाच. तो अजून विचार करतोय. करू दे.

इंजिन बंद आहे. चपला यारीच्या पायाशी लागल्याशिवाय मी ते चालू करणार नाही.