पंधरा दिवसांची रजा

सुग्रीव पूर्णा जंक्शनावर सांधेवाला होता. गाडीनं कुठल्या रुळावर जायचं ते ठरलं की त्यानं दांडा ओढून सांधा बदलायचा. निजामाची रेल्वे हिंदुस्थान सरकारची झाली, टोपीवरचा बिल्ला बदलला, पण सुग्रीवच्या हजेरीत एका दिवसाचा खंड पडला नाही. कामाचा पक्का, बोलायला थोडा, असं त्याला सगळे ओळखत.

त्याचे वडील सूर्यभान पोखर्णीला शेती करत. सुग्रीव चार वर्षांचा असताना आई गेली. सूर्यभाननं दुसरं लग्न केलं नाही. भाकरी थापण्यापासून पोराचं डोकं विंचरण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. पोराला गोवर निघाला तेव्हा एकवीस दिवस शेतात पाऊल ठेवलं नाही, हे अजून गावात सांगतात.

एकोणीसशे त्रेपन्नच्या उन्हाळ्यात त्यांच्या गालफडात आतून जखम झाली. तंबाखूची गोळी वर्षानुवर्षं तिथंच धरायची सवय होती. जखम बरी होईना, उलट गालाच्या बाहेर आली. सुग्रीव त्यांना हैदराबादला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि सुग्रीवला बाजूला बोलावून सांगितलं, "कॅन्सर आहे. आता इलाज राहिला नाही. घरी न्या, पातळ खायला द्या, जखम धूत जा. आणि जवळ माणूस बसवा. त्याचीच जास्त गरज लागेल."

सुग्रीवनं वडिलांना पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आणलं. दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत खिडकीपाशी बाज टाकली. बायको धुरपदाबाई लिंबाचा पाला उकळून ते पाणी कोमट करायची, जुन्या धोतराच्या पट्ट्या करून जखम पुसायची, पेज चमच्यानं गळ्यात सोडायची. सुग्रीव पाणी भरून द्यायचा, पट्ट्या धुवायचा, पण आतल्या खोलीत शिरला की त्याचा श्वास अडायचा. जखमेचा वासच तसा होता. घरात, अंगणात, जेवणाच्या ताटावरसुद्धा तो वास यायचा.

एकदा धुरपदाबाई दळणाला गेली आणि पट्टी बदलायची वेळ झाली. सुग्रीव पाण्याचं भगुलं घेऊन बाजेवर बसला. पट्टी सोडली. आत काहीतरी हललं. त्यानं बघितलं, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. क्षणभरच, पण वर नजर गेली तर बाप त्याच्याकडंच बघत होता. सूर्यभाननं हळूच उपरण्याचं टोक ओढून गाल झाकला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"बा, असू द्या, मी करतो," सुग्रीव म्हणाला.

"धुरपदा आली की करील," ते भिंतीकडं बघतच म्हणाले. "तू हात धू जा."

दुसऱ्या दिवशी सुग्रीवनं साहेबाकडं पंधरा दिवसांची रजा मागितली. कारण लिहिलं, वडिलांची सेवा. साहेबानं लगेच सही केली आणि वर म्हणाला, असे मुलगे आता कुठं मिळतात. रजा मागताना त्याच्या मनात खोट नव्हती. पण सकाळ झाली, आतून कण्हणं ऐकू आलं, आणि त्यानं नेहमीसारखा निळा सदरा अंगात घातला.

"दोन माणसं सुट्टीवर गेलीत," तो धुरपदाबाईला म्हणाला. "मला डबल डुटी लावलीय."

तिनं भाकर बांधून दिली.

तो परभणीकडं जाणाऱ्या गाडीत बसला आणि पिंगळीला उतरला. तिथं त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. फलाटाच्या टोकाला बाक होता. दिवसभर तो त्यावर बसून राहिला. येणाऱ्या गाड्या मोजल्या, भाकर खाल्ली, संध्याकाळच्या गाडीनं परत आला. उद्या जायचं नाही, असं रोज येताना ठरवायचा. रोज सकाळी सदरा घालायचा. कधी त्याला वाटे, आत्ता या घडीला बा हाक मारत असतील. तेव्हा तो उठून फलाटावर चालायला लागे. चालता चालता परतीची गाडी समोरून निघून जाई आणि तो ती जाऊ देई.

नवव्या दिवशी संध्याकाळी तो घराकडं वळला तर दारात माणसं उभी होती. बंब पेटलेला, बांबू आणलेले. सूर्यभान दुपारी बारा वाजता गेले होते.

दुसऱ्या पाळीचा सांधेवाला बन्सीधर पुढं आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मी सांगितलंय ह्यांना. तुला मालगाडीवर नांदेडकडं पाठवलंय, खबर देता आली न्हाई." सुग्रीवच्या लक्षात आलं. बन्सीधर त्याला बोलवायला स्टेशनात गेला होता, आणि तिथं त्याला रजेचं कळलं होतं. बन्सीधरनं पुन्हा त्याच्याकडं बघितलं नाही.

"काय करणार बिचारा," कोणी म्हातारा म्हणाला. "नोकरी हाय. बाप मरायला लागला तरी सोडीनात."

सुग्रीवनं मान हलवली. त्या मान हलवण्याची लाज त्याला पुढं आयुष्यभर पुरली.

दहाव्याला पिंड ठेवला आणि लोक मागं सरकले नाहीत तोच कावळा शिवला. सगळे म्हणाले, म्हातारा तृप्त होऊन गेला, लेकानं काही कमी केलं नाही. सुग्रीवला वाटलं, कावळा तासभर तरी थांबायला हवा होता. मग सगळ्यांसमोर हात जोडून तो काहीतरी कबूल करू शकला असता.

तीन वर्षं गेली. पोखर्णीला चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत पाहुण्यांपैकी एकानं आपल्या मुलाला सुनावलं, "त्या सुग्रीवमामाकडं बघ. बापाला हैदराबादला नेलं, सडक्या जखमेची सेवा केली." सुग्रीवच्या हातातला घास ताटात पडला. तो उठून हात धुवायला गेला तो आला नाही.

परत येताना नरसिंहाच्या देवळापुढं तो आणि धुरपदाबाई बसची वाट बघत बसले. तिथं त्यानं तिला सगळं सांगितलं. पिंगळीचा बाक, रजा, सगळं. सांगताना तो तिच्याकडं बघत नव्हता.

"मला मालूम व्हतं," ती म्हणाली.

"बन्सीधरनं सांगितलं?"

"त्याच्या आदीच. तुमच्या सदऱ्याला तेलाचा वास न्हवता. तिसऱ्याच दिशी कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"मी मामांना इचारलं, बोलवू का त्यांना. ते म्हणले, नको. नीट बोलता येत न्हवतं, आदी खुणेनं सांगितलं, मग थांबून थांबून म्हणले, लहान असताना बैलाच्या खुरात किडे पडले व्हते तर पोरगं तीन दिस जेवलं न्हाई. त्याला भ्याव वाटतंय. त्याचं तोंड तसं झालेलं मला पुन्हा बघायचं न्हाई."

सुग्रीवनं डोळ्यांवर हात धरला.

"शेवटच्या दिशी मातर," ती पुढं म्हणाली, "त्यांचा हात बाजेवर चाचपडत व्हता. मी हात दिला. त्यांनी बोटं चाचपून बघितली आणि सोडला. माझा हाय हे कळलं त्यांना." तिचा आवाज पहिल्यांदा बदलला. "मला तुमचा राग हाय. मामांनी माफ केलं आसंल, त्यांचं त्ये बघतील. म्या एकटीनं मान धरली व्हती त्यांची. पट्टी नसती बदलली तुमी, चाललं असतं. डोळे मिटून हात धरून बसायचं व्हतं."

बस आली. दोघं चढली. तिनं खिडकीकडची जागा घेतली आणि पूर्णा येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, राग मात्र लपवला नाही. सुग्रीवनंही माफी मागितली नाही. कुणाकडं मागायची तेच त्याला उमगत नव्हतं.

अठ्ठावन्न साली स्टेशनावर पाणी भरणारी कडूबाई आजारी पडली. पोट फुगलं, पाय सुजले, डॉक्टरांनी हात टेकले. तिला मागंपुढं कोणी नव्हतं. स्टेशनामागं तिची खोपटी होती. सुग्रीव ड्यूटी संपली की तिथं जाऊन बसायला लागला. पहिल्या दिवशी तिची घाण काढली आणि बाहेर येऊन ओकला. तोंड धुवून परत आत गेला. दुसऱ्या दिवशीही ओकला. भीती गेली नाही. ती असतानाही बसता येतं, एवढंच त्याला कळलं. कडूबाई रात्रंदिवस बडबड करायची, तिला कुणी ऐकणारं हवं असायचं. मेल्यावर आपली भांडी कुणाला द्यायची हे ती रोज नव्यानं ठरवायची आणि तो रोज नव्यानं ऐकायचा.

लोक पुन्हा तेच म्हणायला लागले. देवमाणूस हाय. ते ऐकलं की तो रस्ता बदलून जायचा.

एका दुपारी कडूबाईनं त्याचा डावा हात धरून विचारलं, "बाबा, तू तुझ्या बापाचंबी आसंच केलं आसशील न्हाई?"

खोपटीत शेजारच्या दोन बाया बसल्या होत्या. त्या कौतुकानं त्याच्याकडं बघायला लागल्या. हो म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"न्हाई, मावशी," सुग्रीव म्हणाला. "मी रजा घेतली आणि पिंगळीच्या स्टेशनात जाऊन बसलो. बाप मेला तवाबी तिथंच व्हतो. लोकांना मालगाडीवर व्हतो म्हणून सांगितलं."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. एक उठली आणि पदर सावरत बाहेर गेली. आता हे संध्याकाळपर्यंत सगळ्या क्वार्टरांमध्ये होणार, हे सुग्रीवला दिसत होतं. त्याचे कान तापले होते.

कडूबाईनं त्याला बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. हात मात्र सोडला नाही.

"घसा सुकलाय," ती म्हणाली. "उजव्या हातानं दे पाणी. ह्यो राहू दे इथंच."